टाळ जरा जोरात

वीणेकरी बुवांनी आळंदीतच नाव विचारलं. सॅम्युअल म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली आणि तिथून पंढरपूरपर्यंत मी श्यामराव झालो. पालखी निघायच्या गडबडीत दुरुस्त कोण करत बसतंय.

घर मूळचं नगरचं, पिढ्यान् पिढ्या चर्चमधलं. आजोबा टाळ-मृदंगावर ख्रिस्ती कीर्तन करायचे, त्यामुळे अभंगाच्या चाली कानावर लहानपणापासून. रेव्हरंड टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगत राहिले. मला त्या पुलावर फक्त फिरून यायचं होतं. कारखान्यातला आमचा फिटर दरवर्षी रजा टाकून जातो, त्याच्याच दिंडीत घुसलो. बायकोचा प्रश्न एकच होता, ‘रविवारचं काय?’

जाताना मनाशी नियम केला होता. ज्ञानोबा-तुकाराम म्हणायला हरकत नाही, ती माणसं. विठ्ठल आला की तोंड बंद आणि टाळ जरा जोरात. बुक्क्याचंही तसंच. पहिल्या सकाळी मी कपाळ मागे घेतलं, तर लावणाऱ्या बाबांनी ते बोट स्वतःच्याच कपाळाला पुसलं आणि पुढच्याकडे गेले. पुन्हा कधी माझ्यापाशी थांबले नाहीत, काही बोललेही नाहीत. उलट मलाच चुटपुट लागून राहिली.

दिवे घाट, सासवड, जेजुरी, वाल्हे. नीरेत पादुकांना स्नान घातलं तेव्हा मी टँकरच्या रांगेत बादली धरून भांडत होतो. चांदोबाच्या लिंबाला रिंगण झालं, मला घोड्याचे कान तेवढे दिसले.

तरडगावहून फलटणला जाताना मात्र पायाने दगा दिला. ढग नुसते दाखवायला होते, पाऊस नाही, अंगाची काहिली. खास वारीसाठी घेतलेले महागडे बूट, दोन-दोन मोजे, फोडावरच्या पट्ट्या असा सगळा जामानिमा होता. तरी डाव्या टाचेला लिंबाएवढा फोड. टाच टेकली की कळ थेट डोक्यात. त्यात मागून कोणीतरी ‘चला माउली, चला माउली’ करत ढकलतंय. त्या माउलीला दोन शब्द सुनवावेत असं फार वाटलं.

रस्त्याकडेच्या बाभळीखाली टेकलो. शेजारी परभणीकडची एक आजी पान लावत बसली होती. तिने न विचारता माझा मोजा ओढला.

‘बूट कशाला घालावा रे बाबा चालायला?’

तिच्या स्वतःच्या पायात काही नव्हतं. टाचांच्या भेगांत डांबर बसलेलं. गाठोड्यातून तिने पांढऱ्या दोऱ्याचं रीळ आणि सुई काढली, काडी ओढून सुईचं टोक काळं होईपर्यंत धरलं, पदराला पुसलं. पाय मांडीवर घ्यायला लागली तसा मी झटक्यात मागे घेतला. आईच्या वयाच्या बाईच्या मांडीवर माझा घामट, धुळीचा पाय! येशू शिष्यांचे पाय धुवायला बसला तेव्हा पेत्रानेही असाच नकार दिला होता, हे अगदी त्या क्षणी आठवलं. पेत्राला समजावून सांगितलं गेलं. मला घोट्यावर चापट बसली.

‘हालू नगं. जीव जात न्हाई.’

सुई फोडाच्या एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. दोरा दाताने तोडला, दोन्हीकडे वीतभर शेपट्या ठेवल्या. ‘वडू नगं. पानी आपसुक गळंल.’ आणि गळायला लागलं. केशाकर्षण! पट्ट्यांवर चारशे रुपये घालवलेल्या इंजिनिअरला हे सुचलं नव्हतं. वर खोबरेल तेलात कालवलेली हळद लावली, चुना लागलेल्याच बोटाने, आणि ती चुरचुरली. पैसे द्यायला खिशात हात घातला तर तिने तोंडच फिरवलं. मग पान पुढे केलं. मी पान खात नाही. खाल्लं.

तिचं नाव विचारायचं राहिलं. माझं तिने विचारलं नाही.

फलटणच्या मुक्कामी लंगडत रेडिओ दुरुस्तीचं दुकान शोधलं. आमच्या भजनाच्या ॲम्प्लिफायरला अशी घरघर होती की अभंग कुठला ते पहिला चरण संपल्यावर कळायचं. घरी गॅलरीत व्हॉल्व्हचे जुने रेडिओ दुरुस्त करत बसणं हा माझा छंद, बायकोच्या मते रोग. घरघर ऐकूनच फिल्टरचा कपॅसिटर वाळलाय हे ओळखलं होतं. दुकानदाराचीच सोल्डरिंग गन घेऊन बदलला. बुवा खूश. शिक्षा मला झाली: पहाटे साडेतीनचा काकडा माझ्या कानाशी, एकही शब्द न हुकता.

रविवारी ट्रकच्या मागे ताडपत्रीच्या सावलीत नवा करार उघडला. जवळ तिघंजण बसले. त्यांना वाटलं पोथी. ‘मोठ्यानं वाचा की.’ लूकच्या शुभवर्तमानातला उधळ्या मुलाचा दाखला वाचला. एकाने डोळे पुसले, एक झोपला, तिसऱ्याने विचारलं मोबाईल चार्जिंगला लावता येईल का.

वेळापूरच्या अलीकडे टाळकऱ्यांतल्या एका पोराने गाठलं. ‘काका, विठ्ठल आला की तुम्ही टाळ जोरात का हाणता?’

‘ताल सुटतो रे.’

‘सुटत न्हाई. तिथंच पक्का असतो तुमचा.’

दिवसभर मग नीट वाजवताच येईना.

पंढरपुरात दर्शनाच्या रांगेला उभा राहिलो नाही. आमच्यातले निम्मे नामदेव पायरी आणि कळसावरच भागवणारे, त्यांच्यात मिसळलो. एकादशीला दुपारी एसटी मिळाली, तीही उभ्याने, पाठीत कोणाचा तरी हंडा. घरी पोचल्यावर बायकोने आधी टाच बघितली, मग विचारलं, कळसासमोर हात जोडलेस का?

जोडले होते. जोडताना मनात कोण होतं तेही तिला सांगितलं. पाळकसाहेबांना अजून सांगायचंय, आणि ते येत्या रविवारी विचारणारच.