ठिपके आणि धावणारी माळ

आज वसुबारस. सकाळी आईशेजारी उकिडवी बसून दारात ठिपके काढले, ११ ते ६. म्हणजे एकूण ९१. माझ्या हातून दोन ओळींमधलं अंतर जरा जास्त सुटलं, आणि बघता बघता सगळ्या अंगणात आडव्या ओळीच दिसायला लागल्या. तिरक्या ओळी जणू पुसल्याच गेल्या! मग आईने मधल्या ठिपक्याभोवतीच्या सहा ठिपक्यांवर चिमूट चिमूट कुंकू टाकलं. रेघ एकही ओढली नव्हती, तरी तिथे फूल उमललेलं मला स्पष्ट दिसलं.

जवळचं ते एकत्र, सारखं ते एकत्र. मॅक्स वर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये हेच नियम मांडले, तेही कागदावरच्या ठिपक्यांवरून. आपल्या बायका ते पिढ्यान् पिढ्या बोटांनी वापरत आल्यात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

संध्याकाळी समोरच्या गच्चीवर दिव्यांची माळ धावत होती. खरं तर धावत काहीच नसतं, एक दिवा विझतो आणि शेजारचा लागतो. धाव आपलं मन घालतं. वर्थायमरचा १९१२ चा गाजलेला प्रयोग याच भासावर होता. दोन रेघा आळीपाळीने दाखवायच्या, मध्ये सेकंदाचा अगदी छोटा अंश, की एकच रेघ सरकताना दिसते.

आईला गॅलरीत बोलावलं. म्हटलं, फक्त एकाच दिव्यावर नजर ठेव. बराच वेळ ती कठड्याला धरून बघत राहिली.

"अगं, हा तर जागचा हलतच नाही!"