हॉपचे कडू हात: हेरफर्डशायरमधला ऑक्टोबर

इंग्लंड बघायचं तर जून-जुलैत जा, असं सगळे सांगतात. ऊन असतं, रात्री नऊ-साडेनऊपर्यंत उजेड असतो, बागा फुललेल्या असतात. सगळं खरं. तरी मला कुणी विचारलं तर मी ऑक्टोबर सांगेन, आणि लंडनऐवजी हेरफर्डशायर सांगेन. वेल्सच्या सीमेला लागून असलेली ही काउंटी. लाल माती, पांढऱ्या तोंडाच्या तांबड्या गाई, सफरचंदाच्या बागा आणि हॉप या वेलीचे मळे. माझी धाकटी बहीण इथल्या लेडबरी गावात राहते. तिच्याकडे मुद्दाम पानगळीच्या दिवसांत गेले.

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून लेडबरीला थेट गाडी आहे. ऑक्सफर्ड, वूस्टर, ग्रेट मॉल्व्हर्न अशी ती येते आणि मॉल्व्हर्नच्या डोंगराखालच्या बोगद्यात शिरते. अलीकडे सेव्हर्न नदीचं सपाट खोरं, पलीकडे चढउतारांचा, झाडाझुडपांचा मुलूख. लेडबरीच्या अगदी आधी आणखी एक बोगदा लागतो. स्टेशनच्या पलीकडे लगेच विटांचा ३१ कमानींचा पूल आहे. हा मार्ग १८६१ साली सुरू झाला. गावाच्या मध्यभागी सोळा लाकडी खांबांवर उभं असलेलं मार्केट हाउस आहे. १६१७ मध्ये बांधायला घेतलेली ही इमारत, काळ्या लाकडाची आणि पांढऱ्या भिंतींची. तिच्या पायाशी आजही बाजार भरतो. फोटो काढणारे इथंच थांबतात. मला मात्र गावाबाहेर पडायची घाई झाली होती.

या दिवसांत सकाळी धुकं असतं. नऊ वाजले तरी समोरचं कुंपण नीट दिसत नाही, मग अर्ध्या तासात सगळं लख्ख होतं. दारोदारी चिखलाचे रबरी बूट उलटे ठेवलेले. सरपण घेऊन येणारा माणूस ओंडके फाटकाशी ओतून जातो आणि घरातली माणसं दिवसभर ते भिंतीलगत रचत बसतात. ज्यांच्या परसात सफरचंदाचं झाड आहे त्यांनी टोपल्या भरून रस्त्यावर ठेवलेल्या असतात, वर पुठ्ठ्यावर लिहिलेलं, ‘हवी तेवढी न्या’. बहिणीच्या स्वयंपाकघरात रोज काहीतरी शिजत होतं. ब्रॅमली जातीची आंबट सफरचंदं, वर पीठ, लोणी आणि साखरेचा चुरा, ओव्हनमध्ये भाजून वर गरम कस्टर्ड. या ब्रॅमलीचं मूळ झाड १८०९ मध्ये नॉटिंगहॅमशायरमधल्या साउथवेल गावात एका लहान मुलीनं लावलेल्या बीपासून आलं. मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड तिचं नाव. फळाला नाव पडलं ते मात्र पुढं ते घर विकत घेणाऱ्या ब्रॅमली नावाच्या खाटकाचं. मला हे फार लागलं. बी रुजवणाऱ्या पोरीचं नाव फळाला हवं होतं.

भाचा शाळेतून आला की त्याचे खिसे जड असायचे. सगळे कॉन्कर. हॉर्स चेस्टनटच्या काटेरी हिरव्या बोंडातून निघणारी ही बी. बोंड नुकतं फुटलेलं असेल तर बी ओलसर, चकचकीत तपकिरी असते, आणि एका बाजूला फिकट गोल डाग. दोन दिवसांत ती चकाकी जाते, म्हणून पोरं रोज नव्या गोळा करतात. बीला आरपार भोक पाडायचं, बुटाची नाडी ओवायची, खाली गाठ मारायची. एकानं नाडी धरून कॉन्कर लोंबता ठेवायचा, दुसऱ्यानं आपल्या कॉन्करनं त्यावर टोला हाणायचा. ज्याचा फुटला तो हरला. जिंकलेल्याच्या खात्यात हरलेल्याचे सगळे विजय जमा होतात, त्यामुळे एकेका कॉन्करची कीर्ती वाढत जाते. व्हिनेगरमध्ये मुरवून किंवा ओव्हनमध्ये भाजून तो कडक करण्याची लबाडी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय. ‘मावशी, तुझा कॉन्कर कच्चा आहे,’ असं भाच्यानं मला एका नजरेत सांगितलं आणि दुसऱ्याच टोल्याला तो फुटलाही. नॉर्दम्प्टनशायरमधल्या अ‍ॅश्टन गावात १९६५ पासून याची जागतिक स्पर्धा सुरू झाली आणि आता ती जवळच्या साउथविक गावात दर ऑक्टोबरात होते. मोठी माणसं तिथं मनापासून खेळतात.

या खेळण्याला एकदा युद्धावरही जावं लागलं. १९१७ मध्ये तोफगोळ्यांच्या कॉर्डाइट या स्फोटकासाठी लागणारं अ‍ॅसिटोन कमी पडू लागलं. ते पिष्टमय धान्यापासून करता येत होतं, पण धान्य खायलाच पुरेना. म्हणून शाळाशाळांतून मुलांना कॉन्कर गोळा करायला सांगितलं गेलं. कशासाठी, ते सांगितलं नाही. पोरांनी ढीगच्या ढीग जमवले. हे वाचल्यापासून त्या झाडांखालून जाताना माझ्या डोळ्यांसमोर ती पोती येतात. आता झाडांनाच त्रास आहे. पानं पोखरणारा एक बारीक पतंग २००२ मध्ये विम्बल्डनला पहिल्यांदा सापडला आणि पुढं देशभर पसरला. त्यामुळे या झाडांची पानं ऑगस्टपासूनच तपकिरी डागांनी भरून जातात. जी पानगळीची शोभा वाटते, त्यातली काही कीड आहे.

शेतांतून चालायला इथं कुणाची परवानगी लागत नाही. सार्वजनिक पायवाटा खाजगी शेतांतून, कधी थेट एखाद्याच्या अंगणाच्या कडेनं जातात. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेच्या मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर त्या हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात, कुंपणाशी पिवळा बाण असतो, ओलांडायला लाकडी पायरी असते. एका दुपारी बहिणीच्या शेजारच्या आजी आमच्याबरोबर आल्या. वय पंच्याऐंशीच्या आसपास, हातात काठी, पण पायरीवरून आमच्या आधी पलीकडे. कुंपणात ब्लॅकबेरी होत्या. मी हात पुढं केला तर म्हणाल्या, आता नको. मायकलमस, म्हणजे २९ सप्टेंबर उलटला की खायच्या नाहीत. स्वर्गातून ढकललेला सैतान याच काट्यांवर पडला आणि रागानं दर वर्षी त्या दिवशी त्यांच्यावर थुंकतो. हसत सांगितलं, पण स्वतः एकही खाल्ली नाही. थोडं पुढं रानगुलाबाची लाल फळं लोंबत होती. दुसऱ्या महायुद्धात संत्री येणं थांबलं तेव्हा बाळांना व्हिटॅमिन सी मिळावं म्हणून या फळांचं सरबत देत. फळं गोळा करायला शाळेतली मुलं. युद्धानंतर आजींनीही केली होती. आतल्या बिया केसाळ असतात, त्या एकमेकींच्या पाठीत टाकायच्या म्हणजे दिवसभर खाज, हे सांगताना त्या दहा वर्षांच्या झाल्या.

डोंगरउतारावरून खाली उंच खांब आणि तारांचं रान दिसलं. सगळं रिकामं. हॉपचा मळा. हॉप म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी वेल. सप्टेंबरात तोडणी होते, त्यामुळे ऑक्टोबरात नुसत्या तारा उरतात. आजी तिथं थांबल्या आणि मग बराच वेळ त्याच बोलत राहिल्या.

त्यांचा जन्म या गावातला नाही. बर्मिंगहॅमच्या पश्चिमेचा, साखळ्या आणि खिळे बनवणाऱ्या कारखान्यांचा जो काळवंडलेला पट्टा होता, ज्याला ब्लॅक कंट्री म्हणतात, तिथल्या त्या. लंडनच्या गरीब वस्त्या जशा हॉप वेचायला केंटला जात, तशा तिथल्या बायका पोराबाळांना घेऊन हेरफर्डशायर-वूस्टरशायरला येत. दक्षिण वेल्सच्या खाणींतल्या कामगारांची कुटुंबंही येत. पुरुष कारखान्यात, जमलं तर रविवारी भेटायला. शेतकऱ्याची लॉरी गल्लीत न्यायला यायची. एका ट्रंकेत चहा, साखर, पीठ आठवड्यांपासून साठवून ठेवलेलं. शाळा बुडायची. राहायला चुना मारलेला गोठा, झोपायला पेंढा भरलेल्या गाद्या.

मळ्यात वेलींच्या ओळीत लाकडी चौकट मांडत, तिला गोणपाटाची झोळी. तिला क्रिब म्हणत. वेल तोडून आडवी टाकायची आणि दोन्ही बाजूंना उभं राहून बोंडं झोळीत वेचायची. लहान मुलांना उलटी छत्री द्यायचे. छत्री भरल्याशिवाय खेळायला सुटी नाही. दिवसातून काही वेळा माप घेणारा माणूस टोपली घेऊन यायचा. तो दिसला की आजींची आई झोळीत कोपरापर्यंत हात घालून बोंडं खालून वर हलवायची, फुगवायची, म्हणजे टोपल्या जास्त भरतील. तो दाबून भरायचा. रोजचा वाद. एका शिलिंगला किती टोपल्या, यावरून कधी सगळ्या मळ्यानं हात थांबवायचे. हिशेब वहीत, पैसे हंगामाच्या शेवटी. मधे गरज पडली तर थोडी उचल.

‘हात काळे व्हायचे,’ त्या म्हणाल्या आणि दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले. ‘आणि कडू. पाव धरला की पाव कडू. आजही हॉपचा वास आला की जिभेवर तो पाव येतो.’ रात्री शेकोटी, ओढ्यात पाय, शेजारच्या बागेतली चोरलेली सफरचंदं. त्यांच्या आयुष्यातली ती एकमेव सुट्टी होती. मी विचारलं, आईला आवडायचं का? त्यांनी थोडा विचार केला. ‘आई तिथं कधी बसलेली मला आठवत नाही. हिवाळ्याचे बूट सगळ्यांना त्याच पैशांतून यायचे.’

मी वाळवा तालुक्यातली. ऐन याच दिवसांत, दसरा झाला की आमच्याकडे बीड, धाराशिवकडून ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून ऊस तोडायला माणसं येतात. साखर कारखान्यानं दिलेल्या जागेवर कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल आधीच अंगावर, पहाटे फडात. माझ्या वर्गात दिवाळीनंतर नव्या मुली यायच्या आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की जायच्या. काही तर येतच नसत, कोपीत धाकट्याला सांभाळत बसत. आजींचं ऐकताना त्यातली एकेक मुलगी मला दिसत होती. फरकही मोठा आहे. हॉपचा हंगाम तीन-चार आठवड्यांचा, नंतर घर आणि शाळा. ऊसतोडीचे पाच-सहा महिने, म्हणजे शाळेचं अख्खं वर्ष हातातून जातं. आजींची गोड आठवण खरी आहे, मी तिच्यावर शंका घेणार नाही. पण ती गोड राहिली याचं कारण ते आयुष्य तिथंच संपलं. १९५० च्या दशकात वेचणीची यंत्रं आली. ती बनवणारा ब्रफ हा कारखाना इथून जवळच, वूस्टरशायरमधल्या सकलीत होता. साठच्या दशकात लॉऱ्या जवळपास थांबल्या. आजींच्या मुलांना छत्री भरावी लागली नाही. कोपीतल्या मुलींच्या मुली आजही कोपीत आहेत.

मळ्याच्या कडेला विटांची एक उंच इमारत होती, वर निमुळतं छप्पर. हॉप वाळवायची भट्टी. आता तिथं लोक राहतात, खिडकीत कुंड्या. आजींनी बोट दाखवून सांगितलं, त्या खिडकीच्या आत वरच्या मजल्यावर हॉप पसरलेले असायचे, खालून धग, आणि वाळलेला माल उंच पोत्यांत ठासून भरायचे.

सफरचंदांचं काम मात्र डोळ्यांसमोर चालू होतं. जुन्या बागांत झाडं उंच, खाली मेंढ्या चरतात, फांद्यांवर मिसलटोची हिरवी बांडगुळं. लांब काठीला आकडा लावून फांद्या हलवतात, फळं गवतावर पडतात, मग ती ढिगात काही दिवस मऊ पडू देतात. डॅबिनेट, किंग्स्टन ब्लॅक, फॉक्सव्हेल्प अशी नावं. ही खायची फळं नव्हेत. मी एक चावलं, पहिल्या क्षणी गोड लागलं, मग जीभ टाळूला चिकटली इतकं तुरट. हा तुरटपणाच सायडरला, म्हणजे सफरचंदाच्या रसाच्या दारूला, अंग देतो. फळं ठेचून झालेला चोथा कापडात गुंडाळून थरावर थर रचतात आणि दाबयंत्राखाली ठेवतात. बाजूंनी तपकिरी रस पाझरायला लागतो, गांधीलमाश्या गोळा होतात. एके काळी शेतमजुरांच्या मजुरीचा काही भाग सायडरच्या रूपात दिला जाई. १८८७ च्या कायद्यानं ते बंद केलं. त्याच वर्षी हेरफर्डमध्ये बल्मर्सचा सायडर कारखाना सुरू झाला. जवळच्या मच मार्कल गावात वेस्टन्सचा त्याही आधीचा, १८८० चा. त्या गावात ऑक्टोबरात सफरचंदांचा उत्सव भरतो. टेबलांवर शेकडो फळं नावानिशी मांडलेली, आणि लोक आपल्या परसातलं अनोळखी सफरचंद घेऊन जाणकारांना जात विचारायला येतात. गावच्या चर्चच्या आवारात पोकळ खोडाचा एक प्रचंड यू वृक्ष आहे, आत बाक ठेवलाय, माणसं बसतात. भाच्यानं त्या बाकावर बसून सगळा खाऊ संपवला.

जायचं असेल तर ऑक्टोबरचा दुसरा-तिसरा आठवडा धरा. शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागं जातात आणि मग संध्याकाळी पाचच्या सुमारास अंधार पडतो, पायवाटा अवघड होतात. लहान मुलं बरोबर असतील तर ५ नोव्हेंबरपर्यंत थांबा, गावोगाव होळ्या पेटतात, दारूकाम होतं. पाणी न शिरणारे बूट हवेतच, लाल चिखल निघता निघत नाही. मॉल्व्हर्नच्या रांगेतल्या ब्रिटिश कॅम्पवर नक्की चढा. ३३८ मीटर उंचीवरचा लोहयुगातला मातीचा किल्ला आहे, पाऊण तासात माथा गाठता येतो, पूर्वेला सेव्हर्नचं सपाट खोरं आणि पश्चिमेला वेल्सच्या काळ्या डोंगरांपर्यंत बागाच बागा. आणि वेलींवर लगडलेला, वेचायला आलेला हॉप बघायचा असेल तर महिनाभर आधी, सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जा. मी पुढच्या खेपेला तेव्हाच जाणार आहे, आजींनी बरोबर यायचं कबूल केलंय.