आमची वाटचाल: आधी झाडं मोजायची, मग यंत्र

1999 साली बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, एका फाउंड्रीच्या मागच्या अंगाला पत्र्याचं शेड भाड्यानं घेतलं, तेव्हा आमच्याकडं एक बेंच ग्राइंडर, एक व्हाइस, फट मोजायचं फिलर गेज आणि मिस्त्री एवढंच भांडवल होतं. मिस्त्री म्हणजे आमचे भागीदार, वडगावचे, लेथवर अठरा वर्षं काढलेले. भागीदारीचा कागद आम्ही पुढं 2007 साली केला. तोवर सगळं शब्दावर चाललं आणि कधी पैशाचा वाद झाला नाही.

काम एकच होतं. कॅम्पातल्या आणि टिळकवाडीतल्या जुन्या बंगल्यांचे रिळाचे मॉवर, म्हणजे गोल फिरणाऱ्या पात्यांची गवत कापायची यंत्रं, धार लावून द्यायचे. हे काम ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. रिळाला एमरीची पेस्ट लावून ते उलटं फिरवायचं, पेस्ट पुसून खालचं स्थिर पातं स्क्रूनं हळूहळू वर आणायचं आणि शेवटी वर्तमानपत्राची पट्टी घालून बघायचं. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत कात्रीनं कापल्यासारखी तुटली तरच मॉवर शेडाबाहेर. एका जागी जरी कागद चुरगळला तरी मिस्त्री परत पेस्टचा डबा उघडायचे. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी उघडायचे.

पुढची सोळा-सतरा वर्षं बरी गेली. पेट्रोलचे मॉवर आले, वर्षाची कंत्राटं आली, शेडाचे दोन गाळे झाले.

2018 साली टिळकवाडीतल्या काकूंनी बोलावलं. त्या आमच्या पहिल्या दहा गिऱ्हाइकांतल्या, निवृत्त शिक्षिका. बंगल्याभोवती सहा गुंठ्यांची हिरवळ आणि त्यात तेवीस झाडं: आंबे, दोन फणस, जांभूळ, नारळ, कुंपणाला लागून सिल्व्हर ओक. माळी वयानं थकला होता. मुलगा परदेशी, त्यानं तिकडं आपोआप गवत कापणारा रोबो मॉवर पाहिलेला. मी बेंगळूरच्या एका विक्रेत्याकडून तसा एक मागवून घेतला. काकूंनी पहिला प्रश्न विचारला, तो आजही मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

"झाडाला जाऊन आदळलं तर काय करतंय रे ते?"

"आदळलं की मागं सरतं काकू, तोंड फिरवून दुसरीकडं जातं."

"आणि आळ्यात पडलं तर?"

याचं उत्तर यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकात नव्हतं. तिकडच्या बागांत झाडाच्या बुंध्यापर्यंत गवत असतं, म्हणून पुस्तकात लिहिलेलं की भक्कम खोड असेल तर सोडून द्या, यंत्र धडकून वळेल. आपल्याकडं आंब्याला, नारळाला आळं असतंच. पहिल्याच दिवशी यंत्राचं पुढचं चाक नारळाच्या आळ्यात उतरलं, मागची चाकं माती उकरत राहिली आणि यंत्र बंद पडलं. तिरकं झालं किंवा उचललं गेलं की पाती थांबतात, ही सोय त्यात असते. ती नसती तर पाती मुळांवर गेली असती.

मग मिस्त्री आणि मी चार दिवस त्या बागेत बसलो. या यंत्राची हद्द तारेनं ठरते. चार्जिंग स्टेशनातून निघालेली तार बागेच्या कडेनं फिरून परत स्टेशनात येते, तिच्यातून बारीक सिग्नल वाहतो आणि यंत्र तो ओळखून आत राहतं. मधलं झाड वगळायचं तर तार कडेपासून झाडापर्यंत न्यायची, आळ्याभोवती फिरवायची आणि गेली त्याच वाटेनं परत आणायची. जाणारी आणि येणारी तार एकमेकींना चिकटून ठेवायची, म्हणजे दोन्हींचे सिग्नल एकमेकांना मारतात आणि यंत्र त्यांच्यावरून खुशाल पलीकडं जातं. दोन बोटांचं अंतर राहिलं तर ती भिंत होते. तार तारेवरून कधी ओलांडायची नाही. तेवीस झाडांपैकी सतरांना असं वेढून घेतलं. सिल्व्हर ओकची सहा मोकळी सोडली, कारण त्यांना आळी नव्हती आणि मुळंही वर आलेली नव्हती.

आंब्याची मुळं वर आलेली असली तर कित्येकजण कुऱ्हाड घेतात. कृपा करून घेऊ नका. कंपोस्ट मिसळलेली माती दोन-तीन सेंटीमीटरचा पातळ थर देऊन पसरा, बुंध्याला टेकवू नका, आणि तरीही मूळ दिसत असेल तर तेवढा भाग तारेनं वेढून यंत्राच्या हद्दीबाहेर ठेवा. दाट सावलीत हिरवळ टिकत नाही, तिथं हट्ट न करता पाचोळा पसरून आळंच मोठं करा. जूनमध्ये जांभळं पडतात तेव्हा सकाळी एकदा झाडून घ्या, बिया चाकांत बसतात. झावळ्या, कैऱ्या, फणसाचे बोंड रोज उचला. पाती दाढीच्या पात्यासारखी छोटी असतात, तबकडीवर सैल फिरतात. बदलताना स्क्रूही नवा घाला, जुना स्क्रू झिजून पातं उडालेलं मी पाहिलंय. आणि यंत्र रात्री सोडू नका. बेडूक, मांजराची पिल्लं, सगळी रात्रीच गवतात असतात.

काकूंची बाग बघून आणखी सात बंगले आणि एका संस्थेचं मोठं आवार मिळालं. संस्थेचं नाव लिहीत नाही. चाळीस गुंठे हिरवळ, जुने आंबे आणि पर्जन्यवृक्ष मिळून बावन्न झाडं, चार यंत्रं. त्यासाठी बँकेचं कर्ज काढलं.

2021 च्या मे महिन्यात एका दुपारी वळीव आला. पूर्वेकडून आभाळ काळं झालं आणि अर्ध्या तासात विजांचा कडकडाट. आवारात वीज कुठं पडली कळलं नाही, पण जमिनीत शेकडो मीटर तार पुरलेली, ती सगळा झटका गोळा करून स्टेशनांत घेऊन आली. तीन स्टेशनांचे बोर्ड जळले, दोन यंत्रांचेही. सुटे भाग बाहेरून यायचे, वाहतूक अडलेली, जूनमध्ये पाऊस लागला आणि गवत गुडघ्याला टेकलं. आम्ही चार माणसं लावून हातमॉवरनं कापत होतो. मजुरी आमच्या खिशातून. संस्थेनं दोन तिमाहींचं बिल अडकवून ठेवलं. मिस्त्रींनी घरात काही न सांगता बायकोचे पाटल्या-बिलवर गहाण ठेवले. मला ते वर्षभरानं कळलं.

तेव्हापासून आमचा नियम आहे आणि तो तुम्हीही पाळा: मार्च ते जून दुपारी आभाळ भरलं की प्लग काढायचा, आणि नुसता प्लग नाही, तारेची दोन्ही टोकंही स्टेशनातून सोडवायची. आमच्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या माळ्याला हे मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून दिलेलं आहे.

त्याच पावसाळ्यात दुसरा एकजण संस्थेत गेला. त्याच्याकडं तारेशिवाय चालणारं यंत्र होतं, उपग्रहावरून जागा ओळखणारं. वीज पडायची भीती नाही, खोदाई नाही, असं त्यानं सांगितलं आणि आमचं कंत्राट त्याला गेलं. आम्ही पुरलेली तार तशीच जमिनीत राहिली, तिचेही पैसे आले नाहीत. तंत्र खोटं नव्हतं. उघड्या मैदानावर ते सेंटीमीटरपर्यंत जागा सांगतं. पण त्याला आभाळ दिसावं लागतं, यंत्राला आणि खांबावरच्या अँटेनालाही. पर्जन्यवृक्षाच्या छत्रीखाली सिग्नल तुटतो, पानांवरून परतून चुकीचा येतो. त्याचं यंत्र दर दिवशी आंब्याखाली जाऊन उभं राहायचं. हे त्याला ठाऊक असणार, कारण मी स्वतः जाऊन सांगितलं होतं.

यावर त्यानं काय केलं, तर ऑक्टोबरात अकरा आंब्यांच्या फांद्या उतरवायला लावल्या. यंत्राला आभाळ दिसावं म्हणून! मी आणि मिस्त्री फाटकाबाहेर उभे होतो, आत सोडलं नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरलेल्या त्या फांद्या आमच्यासमोरून गेल्या. कंत्राट गेल्याचं दुःख मी विसरलो असतो. ते अकरा आंबे विसरलेलो नाही. पुढच्या हंगामात त्यांतल्या बहुतेकांना मोहरच आला नाही.

त्या दिवसांत काकूंनी एक वर्षाचे देखभालीचे पैसे आगाऊ दिले. मी नको म्हणालो तर म्हणाल्या, "तुला देत नाही, माझ्या झाडांना देतेय." त्यांनी स्वतःहून शेजारच्या तीन बंगल्यांत फोन केले. त्यातून पगार निघाले, 2023 मध्ये मिस्त्रींच्या घरातलं सोनं सोडवलं.

आता बाग बघायला गेलो की मी फीत काढत नाही, आधी झाडं मोजतो. आळी किती, मुळं वर आलेली किती, कुठल्या झाडाचं काय पडतं, हे वहीत लिहितो. मोकळं मैदान असेल तर उपग्रहाचं यंत्र आम्हीही देतो. कॅमेऱ्यानं बघून चालणारीही दोन आणून पाहिली, लख्ख उजेडात चांगली चालतात. झाडांची बाग असेल तर तारच. तार तुटली तरी घाबरायचं कारण नाही. माळ्याच्या खुरप्यानं ती वर्षातून दोनदा तुटतेच. मिस्त्री तारेत सिग्नल सोडतात, जुना ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर लावून कानाशी धरतात आणि तारेवरून पावलापावलानं चालत जातात. खरखर जिथं थांबते तिथं खुरपं लावायचं. जोड मात्र जेल भरलेल्या कनेक्टरनंच करायचा. नुसती चिकटपट्टी गुंडाळली तर आपल्या तांबड्या मातीत एका पावसाळ्यात तांबं हिरवं पडतं.

गेल्या महिन्यात त्याच संस्थेचा निरोप आला, बाग परत बघाल का म्हणून. मिस्त्री म्हणाले, आधीचं बिल. मी म्हणालो, आधी आंबे बघून येऊ. गेलो. अकरांपैकी आठांना नवी पालवी आलीये, तीन वाळलेत. आमची 2020 ची तार अजून जमिनीत आहे. मिस्त्रींनी ट्रान्झिस्टर लावून पाहिला, दोनच ठिकाणी तुटलीये.

बिलाची प्रत सोबत ठेवून आलो आहोत.