तिसऱ्या आठवड्याचे पान

नौपाड्यातल्या आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत, नववीत असताना, बाईंनी माझ्या हाती व्हर्नियर कॅलिपर दिला आणि गोळीचा व्यास मोजण्याआधी जबडे मिटून शून्य जुळते का, ते पाहायला लावले. तीन वाचनांपैकी एक वेगळे आले, म्हणून मी ते खोडून जुळवून घेतले. बाईंनी वही परत केली आणि आलेला आकडा खोडायचा नाही, एवढेच सांगितले.

पुढे पीएच.डी.ला लिशमेनिया मेजर या परजीवीवर काम करताना मोजणे हाच माझा दिनक्रम झाला. वाळूमाशीच्या चाव्यातून शिरणारा हा जीव, त्याला गिळून मारायला आलेल्या मॅक्रोफेज पेशीतच मुक्काम ठोकतो आणि त्वचेवर महिनोन्महिने न भरणारा व्रण उठतो. त्याच्या जातभाईंमुळे होणारा असाच आजार आपल्याकडे बिकानेर भागात आढळतो. भूल दिलेल्या उंदराचा गुलाबी तळपाय चिमटीत धरून सुजेची जाडी मोजायची आणि निरोगी पायाची जाडी तीतून वजा करायची, असे ते काम होते.

बॅल्ब-सी वाणाच्या उंदरात व्रण चिघळत जातो, सी५७ ब्लॅक-६ मध्ये तो आपोआप भरतो. परजीवी तोच असतो. फरक पडतो तो टी पेशी या रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींच्या निरोपाने. इंटरफेरॉन-गॅमा हे निरोप पोचवणारे प्रथिन मिळाले, तर मॅक्रोफेज नायट्रिक ऑक्साइड तयार करून परजीवीला मारतात. इंटरल्यूकिन-४ या दुसऱ्या निरोप्या प्रथिनाचा जोर झाला, तर ते निष्प्रभ राहतात. १९८९ मध्ये या दोन वाणांतला हा फरक समोर आला आणि रोगप्रतिकारशास्त्राला नवी दिशा मिळाली.

माझ्या पहिल्याच प्रयोगात मात्र तिसऱ्या आठवड्यापर्यंत दोन्ही गटांचे आकडे सारखेच येत होते. पिंजऱ्यांची अदलाबदल झाली असावी, अशा शंकेने प्रयोग मोडण्याचे माझ्या मनात आले होते. तरीही आकडे होते तसेच लिहिले, आणि सहाव्या आठवड्यात दोन्ही रेषा स्पष्टपणे दुभंगल्या.

तळपायात लाखो परजीवी टोचणे म्हणजे माशीचा चावा नव्हे, हे मला आजही महत्त्वाचे वाटते. म्हणून पुढे आम्ही कानाच्या त्वचेत मोजकेच परजीवी देऊ लागलो. बऱ्या झालेल्या उंदरातही थोडे परजीवी उरतात आणि त्यांच्यामुळेच संरक्षण टिकते, ही गोष्ट लसीच्या विचारात मला सर्वांत अवघड वाटते.

गेल्या दिवाळीत त्या पहिल्या प्रयोगाची वही घेऊन मी बाईंकडे गेले. चष्मा लावून त्यांनी तिसऱ्या आठवड्याचे पान बराच वेळ पाहिले आणि विचारले, “त्या दिवशी शून्य तपासलं होतंस ना?”