थंडीत मरणार नाही असं झाड

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की आमच्या सोसायटीत मला एक प्रश्न हमखास येतो. कधी लिफ्टमध्ये, कधी पिवळ्या पानांच्या फोटोसकट व्हॉट्सअ‍ॅपवर. "काकू, थंडीत मरणार नाही असं घरातलं झाड सांगा ना, गेल्या वर्षीची सगळी गेली." मी विचारते, पाणी कधी घालता? "रोज! एक दिवस खाडा नाही."

निदान तिथेच होतं. पुण्यात घरातली झाडं थंडीने कमी आणि पाण्याने जास्त मरतात. शिवाजीनगरचा पारा 10 अंशांच्या खाली गेल्याची बातमी येते तेव्हाही खिडक्या लावलेल्या फ्लॅटमध्ये बऱ्यापैकी ऊब असते. पण माती गार झाली की मुळांचं काम मंदावतं आणि मे महिन्यात रोज जिरणारं तांब्याभर पाणी डिसेंबरात कुंडीतच साचून राहतं. मुळांना हवा मिळेनाशी होते, ती कुजतात, पानं मलूल होतात. मग पानं मलूल दिसली म्हणून आणखी एक तांब्या.

दुसरा घोटाळा नेटवरच्या सल्ल्यांचा. ते बहुतेक लंडन-टोरांटोच्या घरांसाठी लिहिलेले असतात. लंडनला 21 डिसेंबरचा दिवस 8 तासांहूनही लहान, आणि भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 15 अंश वर. तिथे झाडाला उजेडाचीच चणचण, त्यात दिवसरात्र हीटर. पुण्यात त्याच दिवशी 11 तासांचा दिवस, आभाळ स्वच्छ आणि दुपारचा सूर्य 48 अंशांवर. आपल्याकडे झाडांचा अंधारा ऋतू म्हणजे पावसाळा. ज्याने जुलै काढला, त्याला डिसेंबरात उजेडाची काळजी नाही. उलट एक गंमत होते. जूनमध्ये दुपारचा सूर्य पुण्याच्या किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीत ऊन जवळजवळ येतच नाही. थंडीत तेच ऊन तिरपं होऊन थेट सोफ्यापर्यंत पोचतं. पीस लिली तिथेच ठेवलेली असेल तर तिच्या पानांवर तपकिरी डाग पडतात आणि घरातले म्हणतात, थंडी लागली. कुंडी हातभर आत सरकवा, एवढंच.

आता झाड. मला एकच नाव सांगायचं असेल तर झीझी, म्हणजे नर्सरीतलं ZZ प्लांट. मूळ पूर्व आफ्रिकेतलं, जिथे महिनोन् महिने पाऊस नसतो. कुंडीतून उपटून बघितलंत तर मातीखाली बटाट्यासारखे गड्डे दिसतील. सगळा पाण्याचा साठा तिथे. थंडीत याला तीन आठवडे पाणी नाही दिलं तरी ते तक्रार करत नाही. गावाला जाताना शेजाऱ्यांना किल्ली देऊन 'झाडांना पाणी घाला' असं मात्र सांगू नका.

स्नेक प्लांटही तितकंच काटक, पण त्याचा मरण्याचा एक ठराविक प्रकार आहे. बाल्कनीच्या ग्रिलमध्ये, गार रात्री, ओल्या मातीत ते उभंच्या उभं असतं. पानं ताठ, रंग छान. एके दिवशी पान जरा हलवावं तर ते अलगद हातात येतं. बुडाशी लिबलिबीत, पिवळट आणि आंबूस वासाचं. अशा वेळी कुजलेला भाग चाकूने पार कापून टाका, पान चार-पाच दिवस सावलीत सुकू द्या आणि कोरड्या, भुसभुशीत मातीत खोचा. फुटवा यायला महिने लागतात. पिवळ्या काठाच्या जातीचं पान लावलंत तर नवं रोप साधं हिरवं येतं, त्याला नाइलाज आहे. काठ हवे असतील तर गड्ड्यासकट फुटवाच वेगळा करावा लागतो.

स्पायडर प्लांटबद्दल मला विशेष जिव्हाळा आहे, कारण पहिल्या पावसात आपण जी फोडशीची रानभाजी खातो ती याच्याच कुळातली. सफेद मुसळीसुद्धा, तिच्या शास्त्रीय नावात तर चक्क बोरिवली आहे. मुळं जाड असल्याने पाण्याचा खाडा चालतो. शेंडे मात्र करपतात, विशेषतः टँकरचं किंवा बोअरचं क्षारांचं पाणी असेल तर. कात्रीने छाटा. मनीप्लांटही तग धरतो, फक्त नवी पानं येणं मंदावतं. अरेका पाम मी थंडीत घ्यायला सांगत नाही, कोरड्या हवेत त्याची टोकं वाळतात आणि लाल कोळी ही बारीक कीड आधी त्यालाच गाठते. पानामागे बारीक जाळी आणि पानावर फिकट ठिपके दिसले की न्हाणीघरात नेऊन पानांची मागची बाजू धुवायची. खोडाच्या बेचक्यात कापसासारखं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. त्याला कडुनिंबाचं तेल, साबणाच्या पाण्यात मिसळून.

हवा शुद्ध होते म्हणून कुणी झाड घेत असेल तर घ्यावं, पण त्यासाठी खोलीत पाय ठेवायला जागा उरणार नाही इतक्या कुंड्या लागतील. खिडकी उघडावी, स्वस्तात काम होतं. मात्र घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर मनीप्लांट आणि झीझी उंचावर ठेवा. पानं चावली तर तोंडाची आग होते.

पाण्याचा अंदाज कसा घ्यायचा, हेही विचारतात. बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर तांब्या परत ठेवा. कुंडी उचलून बघायची सवय लागली की बोटही घालावं लागत नाही, वजनच सांगतं. नर्सरीतून आणलेलं रोप चिकट लाल मातीच्या घट्ट गोळ्यात असतं, तो गोळा वरून कोरडा आणि आतून ओला राहतो, तेव्हा त्याच्या बाबतीत जास्त सावध. कुंडी बदलणं आणि खत घालणं संक्रांतीनंतर, दिवस तिळातिळाने वाढायला लागला की.

तुळशीचं विचारल्याशिवाय तर कुणी फोन ठेवत नाही. तुळशीचं लग्न झालं की तिची पानं गळायला लागतात आणि सगळे हवालदिल होतात. तिला घरात आणू नका, तिला ऊनच हवं. मंजिऱ्या खुडा, पाणी सकाळी आणि बेतानं. फेब्रुवारीत काड्यांवर फूट दिसेल. नाही दिसली, तर खुडलेल्या वाळक्या मंजिऱ्या त्याच कुंडीत चुरडा.