पंप बदलण्याआधी ऑइलची डबी बघा

एका गाडीचं स्टिअरिंग वळवलं की पंप घुंऽऽ करायचा, रेस दिली की आवाज आणखी चढायचा. ज्याला विचारावं तो म्हणे, पॉवर स्टिअरिंगचा पंप गेला, नवीन टाका. आज आमच्या मेस्त्रींनी आधी पॉवर स्टिअरिंगच्या ऑइलच्या डबीचं झाकण उघडायला लावलं. ऑइल कमी नव्हतं, पण वर ताकासारखा फेस! म्हणजे पंप कुठून तरी हवा ओढत होता. डबीतून पंपाकडे येणारा पाइप उष्णतेने कडक झालेला आणि क्लिपखाली बारीक चीर. जमिनीवर मात्र थेंबही नाही. कारण त्या पाइपात दाब नसतो, ओढ असते. ऑइल बाहेर येण्याऐवजी हवाच आत शिरते.

नवा पाइप, नवी क्लिप, ताजं ऑइल. मग पुढची चाकं जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवूनच मी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहिलो, बुडबुडे थांबेपर्यंत. मेस्त्री डबीवर डोळा ठेवून ऑइल घालत होते. किती शांतपणे काम करतो हा माणूस! इंजिन चालू केलं, आवाज गायब.

पाइप ऑइलला चालणाराच घ्या, पाण्याचा नको. आणि स्टिअरिंग पूर्ण टोकाला दाबून धरू नका, तिथे पंपावर सगळ्यात जास्त ताण येतो.