आमच्या पतसंस्थेचा सर्व्हर आणि एक वही

फोंड्यातल्या आमच्या पतसंस्थेत मी संगणक विभाग सांभाळतो. विभाग म्हणजे मी एकटाच. 2024 च्या पावसाळ्यात एकाच सर्व्हरवर तीन दुखणी जमली होती. विंडोज सर्व्हर 2012 आर-टूचा आधार ऑक्टोबर 2023 मध्येच संपला होता. फायली ठेवायच्या सेंटओएस 7 या लिनक्सचा आधार जून 2024 अखेर संपला. आणि हे दोन्ही व्हीएम (आभासी मशीन) म्हणून ज्या फुकटच्या ईएसएक्सआय या व्हीएमवेअर कंपनीच्या सॉफ्टवेअरवर चालत होते, ते ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर विकत घेतल्यावर फेब्रुवारी 2024 मध्ये बंद केलं. (2025 मध्ये ते पुन्हा सुरू झालं, पण तोवर आमची सोयरीक दुसरीकडे जुळली होती.)

लिनक्सचा निर्णय पाच मिनिटांत झाला: डेबियन 12. सेंटओएसच्या जातकुळीतलं अल्मा किंवा रॉकी चाललं असतं, पण फायली ठेवण्यापुरतं मला डेबियन हाताळायची सवय आहे.

विंडोजला पर्याय नव्हता. कर्जखात्यांचं सॉफ्टवेअर त्यावरच चालतं, आणि विक्रेत्यानं बजावलं, "2019 च्या वर गेलात तर आमची जबाबदारी नाही." 2022 चा परवाना घेऊन 2019 बसवता येतं, हे उलट मलाच त्याला समजावून सांगावं लागलं. खरी मेख कोअरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या काम करणाऱ्या भागांत, होती. 24 कोअरचं मशीन बऱ्या भावात मिळत होतं. पण आम्ही घेतलेल्या स्टँडर्ड परवान्याचा हिशेब किमान 16 कोअरपासून सुरू होतो, तोही मशीनमधल्या खऱ्या कोअरवर. व्हीएमला चारच कोअर दिले म्हणून परवाना स्वस्त होत नाही, खाली लिनक्स असलं तरी नाही. एका प्रोसेसरचं 16 कोअरवालं मशीन घेतलं. वापरकर्त्यांचे कॅल, म्हणजे सर्व्हर वापरायचे परवाने, वेगळे.

मग ईएसएक्सआयच्या जागी मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही की लिनक्सवर चालणारं प्रॉक्समॉक्स? विंडोजचा परवाना घेतलाच होता, म्हणजे हायपर-व्ही जादा पैसे न देता मिळत होतं. प्रॉक्समॉक्स माझ्या मनात बसलं ते अख्ख्या व्हीएमच्या बॅकअपमुळे. फुकटच्या ईएसएक्सआयमध्ये बॅकअपचा एपीआय (बाहेरच्या सॉफ्टवेअरला अख्खी व्हीएम उचलू देणारी सोय) बंद असतो, त्यामुळे इतकी वर्षं मी फक्त विंडोजच्या आतून फायली उचलत होतो. अख्खी व्हीएम परत उभी राहील का, हे कधी करून पाहिलं नव्हतं. गडगडाटात लाईट गेली की पोटात गोळा यायचा तो म्हणून.

चेअरमननी कागद बाजूला सारले. "अरे, उद्या तुला पणजीत चांगली नोकरी मिळाली तर हे कोण बघणार? विंडोजवाला गावात मिळतो तरी."

उत्तर नव्हतं. महिनाभराची मुदत मागितली आणि वही लिहायला घेतली. मराठीत, प्रत्येक बटणाच्या नावासकट.

चवथीआधी सर्व्हरला हात लावणं शक्यच नव्हतं, ठेवी काढायला दारापर्यंत रांग असते. चवथ झाल्यावरच्या एका शनिवारी संध्याकाळी सुरुवात केली. प्रॉक्समॉक्स 8.2 मध्ये ईएसएक्सआयवरून व्हीएम थेट आणायची सोय आहे. जुने स्नॅपशॉट (व्हीएमच्या मधल्या अवस्थांच्या प्रती) आधी काढून टाकले, नाहीतर काम रेंगाळतं. रात्री साडेअकराला विंडोज सुरू केलं, तर निळा पडदा. डिस्क व्हर्टआयओ या व्हीएमसाठीच्या वेगवान जोडणीवर लावली होती आणि विंडोजपाशी तिचा ड्रायव्हर नव्हता. डिस्क विंडोजच्या ओळखीच्या साटा जोडणीवर लावली, जोडीला एक जीबीची रिकामी व्हर्टआयओ डिस्क दिली, ड्रायव्हर बसवला, मशीन बंद करून मूळ डिस्क परत व्हर्टआयओवर नेली, बूटचा क्रम पुन्हा लावला. एवढं लिहायला चार ओळी, करायला दोन तास. ड्रायव्हरच्या नव्या संचानं 2012 वर काम दिलं नाही, जुनी आवृत्ती हुडकावी लागली. 2019 चं अपग्रेड पुढच्या रविवारी केलं.

सोमवारी नऊला पासबुक प्रिंटर मुका. नेटवर्क कार्ड बदलल्यामुळे सर्व्हरचा ठरलेला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) जुन्या, आता न दिसणाऱ्या कार्डालाच चिकटून राहिला होता. पावणेदहापर्यंत शिव्या खाल्ल्या.

दिवाळीनंतर चेअरमनच्या प्रश्नाची परीक्षा घेतली. काउंटरवर नव्यानं लागलेल्या मुलीच्या हातात वही दिली, बॅकअपमधून वेगळ्या नावानं व्हीएम उभी करायला सांगितलं, आणि मी खाली पातळ भाजी-पाव खायला गेलो. फोन आला नाही. वर आलो तेव्हा व्हीएम चालू होती, चालू सर्व्हरशी टक्कर नको म्हणून तिची नेटवर्कची तार आठवणीनं काढलेली. वहीच्या सातव्या पानावर तिनं लाल पेनानं लिहिलं होतं: "इथे एक पायरी सुटली आहे, सर."